गाव वाढतं कशावर? बारामती, इंदापूर आणि एक कालवा

होस्टेलवर रात्री गप्पा रंगल्या की एक विषय हमखास निघतो. बाहेरगावचा कोणीतरी म्हणतो, "बारामती म्हणजे छोटं पुणंच आहे रे!" लगेच दुसरा म्हणतो, "पुढारी मोठा लागतो बाबा, मग गाव आपोआप मोठं होतं." मी सिव्हिलचा विद्यार्थी, गाव इंदापूर तालुक्यात. त्यामुळे ही दोन्ही वाक्यं मला अर्धवट वाटतात. शहर का वाढतं, याचा थोडा अभ्यास करून हा लेख लिहीत आहे.

प्रथम 'छोटं पुणं' हा मुद्दा घेऊ. पिंपरी-चिंचवड पुण्याला चिकटून वाढलं. बारामती पुण्यापासून जवळजवळ शंभर किलोमीटर लांब! म्हणजे हे पुण्याचं उपनगर नव्हे. मग ते वाढलं कोणाच्या आधाराने? माझं उत्तर एका शब्दात आहे : पाणी.

कऱ्हेकाठची बारामती तशी जुनी. अठराव्या शतकात कवी मोरोपंत इथेच राहिले. नगरपालिका १८६५ ची. पण हा भाग पर्जन्यछायेतला. वर्षाला साधारण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली. त्यानंतर १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि चित्र बदललं. वीरजवळून निघणारा हा कालवा पुरंदर, बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यापर्यंत जातो. लांबी दीडशे किलोमीटरच्या वर!

पाण्यामागे माणसं आली. सासवडकडचे माळी शेतकरी कालव्याखाली जमिनी घेऊन ऊस करू लागले. गुऱ्हाळं पेटली, बारामतीत गुळाची पेठ उभी राहिली. माल न्यायला १९१४ मध्ये दौंड-बारामती नॅरोगेज रेल्वे आली. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी साखर कारखाने निघाले. १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद कॉलेज, १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान. शरद पवार इथून प्रथम आमदार झाले ते १९६७ साली. त्यांच्या काळात गावाला वेग आला, हे कोणीही मान्य करील. पण लक्षात घ्या, तोवर कालवा ऐंशी वर्षं वाहत होता! पुढे एमआयडीसी आली, तीनचाकी गाड्यांचा पियाजिओ आला, दुधाचे मोठे प्रकल्प आले. पैसा आधी शेतात तयार झाला, मग तो शाळा, दुकानं आणि कारखान्यांकडे वळला.

आता एक गंमत बघा. जनगणनेनुसार बारामती शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ५१ हजार आणि २०११ मध्ये सुमारे ५४ हजार. दहा वर्षांत फक्त तीन हजार? मग एवढ्या बिल्डिंगा कोणासाठी? खरं म्हणजे शहर वाढत होतं ते हद्दीच्या बाहेर : जळोची, रुई, तांदुळवाडी. २०१२ मध्ये हा भाग नगरपालिकेत आला. गाव आधी पसरतं आणि कागदावर नंतर येतं!

अशीच गोष्ट अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसची. हे शहरही कोरड्या मुलखातलं. विल्यम मुल्होलंड या इंजिनिअरने १९१३ साली ओवेन्स खोऱ्यातून सुमारे ३७५ किलोमीटर लांबून पाणी आणलं, तेही पंप न लावता, केवळ उताराने! शेजारच्या सॅन फर्नांडो खोऱ्याला हे पाणी हवं होतं, म्हणून १९१५ मध्ये ते शहरात सामील झालं. पाण्यावर आधी फळबागा झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर बागा तोडून बंगल्यांच्या रांगा, रुंद रस्ते आणि मोटारी आल्या. आज ते अमेरिकेतलं एक प्रसिद्ध उपनगर आहे. पण ओवेन्स तलाव कोरडा पडला आणि त्याच्या तळाची धूळ तिथल्या लोकांच्या नाकातोंडात गेली. एका ठिकाणी पाणी पोचलं, ते दुसऱ्या ठिकाणाहून गेलं. हा हिशेब कुठेच चुकत नाही.

आपल्याकडे हा हिशेब कोणी मांडला? आपण दर वर्षी १५ सप्टेंबरला ज्यांच्या फोटोला हार घालतो, त्या विश्वेश्वरय्यांनी! पुण्यात शिकून ते मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते. कालव्याजवळचे शेतकरी हवं तेवढं पाणी उसाला घेत आणि लांबच्यांना कमी पडे. शिवाय जादा पाण्याने जमिनी क्षारपड होऊ लागल्या. यावर त्यांनी नीरा कालव्यावर 'ब्लॉक पद्धत' आणली. सलग पट्टे पाडायचे, पट्ट्यात उसाला ठरावीकच वाटा, बाकी क्षेत्रात कमी पाण्याची पिकं आणि वर्षागणिक फेरपालट. यात ना नवीन धरण, ना नवीन मशीन. फक्त वाटणीचा नियम! माझ्या मते हे त्यांचं एक मोठं काम आहे, पण आपल्या भाषणांत ते क्वचितच येतं.

आता माझ्या तालुक्याकडे वळू. इंदापूरच्या दक्षिणेला नीरा, उत्तरेला भीमा आणि नरसिंहपूरला दोघींचा संगम. शिवाय १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचं पाणी तालुक्याच्या उशाला. त्यात गावं बुडाली, पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं. पाणी आटलं की त्याचं शिखर वर येतं आणि लोक बघायला जातात. एवढं असूनही नीरा डाव्या कालव्याच्या टेलवरच्या २२ गावांचा पाणीप्रश्न वर्षानुवर्षं निवडणुकीत गाजत आला आहे. हेडला उसाची चौथी पाळी होते, तेव्हा टेलचा शेतकरी पहिल्या पाळीसाठी पाटकऱ्याची वाट बघत बसतो. बारामती तालुक्यातही सुप्याकडचा जिरायती भाग कालव्याबाहेरच राहिला.

याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंद यांनी माळरानावर ऊस आणि साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वसाहत, शाळा, दवाखाना. कारखान्याच्या वर्कशॉपमधून पुढे एवढी मोठी इंजिनिअरिंग कंपनी झाली की इस्रोच्या पीएसएलव्हीच्या मोटर केसिंगही तिथे तयार झाल्या. पण एका मालकाच्या आधारावरचं गाव त्या कंपनीच्या चढउतारांबरोबर हलतं. बारामतीला कालवा, बाजार, सहकार, कॉलेजं, कारखाने असे पाच-सहा खांब मिळाले. इंदापूर शहर हायवेवर असूनही २०११ मध्ये पंचवीस हजारांच्या आसपासच राहिलं.

थोडक्यात, गाव पाण्यावर वाढतं, पण टिकतं वाटणीवर. आता त्याच नीरेच्या पाण्याला ऊस, एमआयडीसी, नवीन कॉलन्या आणि आपल्यासारखी हजारो होस्टेलची मुलं, असे अनेक वाटेकरी आहेत. क्षार आणि दुष्काळ यांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था २००९ मध्ये माळेगावला आली, कृषी विज्ञान केंद्र ठिबकचे धडे देतं. साधनं हाताशी आहेत. प्रश्न विश्वेश्वरय्यांचाच आहे : हेडने किती घ्यायचं आणि टेलला किती सोडायचं?

सिव्हिलवाल्यांनो, फायनल इयरला प्रोजेक्ट शोधत असाल तर लांब जाऊ नका. एखाद्या चारीवर जा, हेडला आणि टेलला प्रवाह मोजा, गळती काढा. कॉम्प्युटरवाल्यांनो, पाळीपत्रक शेतकऱ्याच्या मोबाइलवर कसं येईल ते बघा. सर नक्कीच मार्क देतील. आणि नाही दिले, तरी टेलचा एखादा शेतकरी चहा तरी पाजेल!