रंग उडाला, पुढे काय?

जयपूर शहराच्या दक्षिणेला वसलेले सांगानेर आज शहरातच मिसळून गेले आहे. पांढऱ्या कापडावर लाकडी ठशांनी नाजूक फुलांच्या बुट्ट्या छापणे, ही येथील छीपा कारागिरांची पिढीजात कला. हिरड्याच्या पाण्यात बुडवलेले कापड, तुरटीच्या साहाय्याने चढणारा मंजिष्ठेचा लाल रंग, लोखंडाचा गंज व गूळ आंबवून केलेला काळा रंग, अशी या कलेची जुनी सामग्री होती. छापलेले कापड वाहत्या पाण्यात धुवायचे आणि काठावरच वाळवायचे. सांगानेरजवळून वाहणाऱ्या त्या प्रवाहाचे नाव द्रव्यवती. लोक मात्र त्याला अनेक वर्षे ‘अमानीशाह नाला’ म्हणत आले आहेत. नदीचा नाला कसा झाला, हे या नावातच दिसते.

पुढे कृत्रिम रंग आले, ठशांच्या जोडीला जाळीची छपाई आली आणि काम अनेक पटींनी वाढले. सुती कापडावर वापरले जाणारे रंग सगळेच्या सगळे धाग्याला धरत नाहीत. कधी त्यांचा दहावा भाग, तर कधी त्याहून कितीतरी अधिक भाग धुलाईच्या पाण्याबरोबर निघून जातो. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅमहून कमी रंग असला, तरी तो डोळ्यांना दिसू शकतो. असे पाणी सूर्यप्रकाश अडवते, त्यामुळे पाण्यातील वनस्पतींची वाढ खुंटते. या नाल्याच्या पाण्यावर खालच्या अंगाला भाजीपाला पिकवला जात असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. म्हणजे प्रश्न केवळ नदीचा नाही, तो ताटातल्या भाजीचाही आहे.

कापडाच्या रंगांपैकी मोठा वर्ग ‘ॲझो’ रंगांचा आहे. त्यांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. हा जोड म्हणजे रंगाचा जणू कणाच! तो तुटला की रंग नाहीसा होतो. परंतु ऊन, पाणी व साबण यांना दाद देऊ नये, यासाठीच हे रंग घडवलेले असतात. साहजिकच सांडपाण्यातील जिवाणूंनाही ते सहजासहजी फोडता येत नाहीत. कोळशाची भुकटी रंग शोषून घेते, तुरटी त्याला गाळाबरोबर खाली बसवते. पण दोन्ही रीतींत रंग केवळ जागा बदलतो. तो मोडायचा असेल, तर रासायनिक क्रिया घडवावी लागते आणि ती वेगाने घडावी म्हणून उत्प्रेरक लागतो. स्वतः खर्च न होता क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक.

चांदी, तांबे, लोखंड अशा धातूंचे अतिसूक्ष्म कण हे काम चांगले करतात. त्याचे कारण एका हिशोबाने समजेल. एक सेंटिमीटर बाजूच्या धातूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्वांचे मिळून पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) धातू तेवढाच राहिला, पण क्रियेला मिळालेली जागा दहा लाख पटींनी वाढली.

मात्र हे कण मोकळे सोडले तर एकमेकांना चिकटतात आणि मिळवलेली जागा गमावून बसतात. पाण्याबरोबर ते वाहूनही जातात. म्हणून त्यांना सच्छिद्र खनिजाचा आधार देतात. असे एक खनिज महाराष्ट्राच्या काळ्या कातळातच दडलेले आहे. नाशिक, जळगाव, पुणे या भागांत विहिरी व खाणी खोदताना बेसॉल्टच्या पोकळ्यांत जे पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात, त्यांत झिओलाइट गटातील अनेक खनिजे असतात. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात त्यांचे देखणे नमुने पाहता येतात. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी या खनिजांना नाव दिले, त्याचा अर्थ ‘उकळणारा दगड’. तापवल्यावर त्यांच्या पोकळ्यांतील पाणी वाफ होऊन बाहेर पडते. या पोकळ्यांत सोडियम, कॅल्शियमचे आयन सैलसर बसलेले असतात. खनिज तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात भिजवले की त्यांची जागा तांब्याचे आयन घेतात. नंतर योग्य रसायनाने त्यांचे धातूत रूपांतर केले, की खनिजाला बिलगलेले बारीक कण तयार होतात.

येथे एक अडचण आहे. झिओलाइटची छिद्रे बहुधा एक नॅनोमीटरहूनही लहान असतात. रंगाचा मोठा रेणू त्यांत शिरू शकत नाही, क्रिया बाहेरच्या पृष्ठभागावरच होते. म्हणून काही संशोधक मातीची खनिजे किंवा मुद्दाम मोठी छिद्रे ठेवून बनवलेले पदार्थ वापरतात.

प्रयोगशाळेत रंगीत पाण्यात असा उत्प्रेरक व सोडियम बोरोहायड्राइड टाकले की काही मिनिटांत पाणी नितळ दिसू लागते. पाहणाऱ्याला ही जादूच वाटते. पण ॲझो जोड अशा रीतीने तुटल्यावर त्याचे दोन तुकडे ‘अमाइन’ वर्गातील पदार्थ बनतात. ते बहुधा रंगहीन असतात, परंतु त्यांतील काही कर्करोगाला कारण ठरणारे आहेत. याच कारणासाठी केंद्र शासनाने १९९७ मध्ये ७० ॲझो रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली. रंगीत विषाचे बिनरंगी विष करणे, याला शुद्धीकरण कसे म्हणावे? उलट, रंगीत पाणी पाहून माणूस निदान सावध तरी होतो.

यासाठी दुसरा मार्ग अधिक योग्य ठरतो. १८९४ साली फेंटन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या क्रियेचे वर्णन केले. या मिश्रणातून निर्माण होणारे अतिशय क्रियाशील मूलक रंगाच्या रेणूवर तुटून पडतात. पुरेसा वेळ मिळाल्यास ते तुकड्यांचेही तुकडे करतात आणि अखेर बराचसा कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. मात्र विरघळलेले लोह नंतर तांबूस गाळ होऊन साचते. तेच लोह खनिजावर बसवले, तर गाळ कमी होतो आणि उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो.

असे प्रयोग बहुतांशी ठरावीक एका रंगाच्या, स्वच्छ पाण्यात केलेल्या द्रावणावर झालेले आहेत. छपाईच्या सांडपाण्यात मात्र मीठ, खळ, डिंक, सोडा आणि अनेक रंग एकत्र असतात. मीठ उत्प्रेरकाची जागा अडवते, डिंक छिद्रे बुजवतो. दहा-वीस वेळा वापरल्यावर खनिजावरचा धातू सुटून पाण्यात उतरला, तर नवीनच प्रदूषण होते. त्यामुळे बाहेर पडणारे पाणी केवळ काचेच्या पेल्यात धरून पाहणे पुरेसे नसते. त्यातील सेंद्रिय कार्बन किती उरला, अमाइन किती आहेत आणि धातू किती उतरला, या तिन्ही गोष्टी मोजाव्या लागतात.