शाळेच्या पैशाचे वर्ष

कडेगाव तालुक्यात शाळा जूनमध्ये भरते. पण सरकारी पैशाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते. समग्र शिक्षा योजना २०१८ साली आली. तिच्या एका रुपयात केंद्राचे ६० पैसे, राज्याचे ४० पैसे. २०२१ च्या नियमात ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजारांपर्यंत अनुदान आहे. त्यात खडू, वीजबिल, डागडुजी भागवायची.

पैसे हप्त्याने येतात. हप्ता मार्चमध्ये आला तर दिवस थोडे अन् कामं फार! म्हणून कामांची यादी आधीच तयार हवी. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सभासद पालकच असतात. आई-बाबांनो, सभेला नक्की या. गळका पत्रा यादीत पहिला लिहा!

— इयत्ता ४ थी