ज्याची त्याची बाजू

नाटकातील संवाद आधी लिहिलेले असतात. भूमिकांच्या खेळात तसे नसते. तेथे खेळाडूला केवळ एक भूमिका दिली जाते. ती व्यक्ती काय बोलेल आणि काय करील, हे त्याने स्वतः ठरवावयाचे असते. अशा वेळी त्याला एकच आधार असतो, तो म्हणजे त्या पात्राचा हेतू. म्हणून खेळ रचणाऱ्याने सर्वांत अधिक विचार हेतूंचा करावा.

दोन मुलुखांच्या सीमेवर हा खेळ विशेष रंगतो. सीमा म्हणजे केवळ दोन राज्यांमधील रेषा नव्हे. नागपूर जिल्ह्यातील भिवापूर तालुका लाल मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. तेथेही एक सीमा आहे, ती शेताची आणि रानाची. २०१२ साली स्थापन झालेले उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य उमरेड, कुही, भिवापूर आणि पवनी या तालुक्यांत पसरलेले आहे. त्याच्या काठी एक काल्पनिक गाव वसवावे आणि तेथे ग्रामसभा भरवावी.

फाल्गुन महिना आहे. हरभरा कापणीला आला आहे. रानडुकरे रात्री शेतात शिरून नासाडी करतात. एका शेतकऱ्याने कुंपणाला तार बांधली असून रात्री तीत वीज सोडण्याचे त्याने ठरविले आहे. ती तार राहावी की काढावी, हे सूर्यास्तापूर्वी ठरले पाहिजे.

आता भूमिका पाहू. शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज आहे. जागल करून करून त्याचे डोळे चुरचुरत आहेत. पीक गेले तर वनखाते पंचनामा करून भरपाई देते, हे त्याला ठाऊक आहे. पण कर्जाचा हप्ता तोवर थांबणार नाही. वनरक्षकावर वाघाच्या रक्षणाची जबाबदारी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाला मारणे हा गुन्हा आहे, आणि डुकरासाठी लावलेली तार वाघालाही सोडत नाही. शिवाय वनरक्षक स्वतः त्याच वाटेने रात्री पायी गस्त घालतो. तिसरी भूमिका मोहफुले वेचणाऱ्या बाईची. ती उजाडण्यापूर्वी त्याच बांधावरून रानाकडे जाते. तारेची भीती सर्वांत अधिक तिला आहे. परंतु मिरची तोडण्याची मजुरी तिला त्याच शेतकऱ्याकडून मिळते. बोलावे तर मजुरी जाईल, न बोलावे तर जीव जाईल, असा पेच तिच्या मनातच आहे.

या तिघांत दुष्ट कोणीही नाही. शेतकऱ्याला क्रूर ठरविले असते, तर बाकीच्यांनी त्याला दोष दिला असता आणि खेळ दोन मिनिटांत संपला असता. प्रत्येकाचे मागणे रास्त आहे, पण सर्वांची मागणी एकाच वेळी पुरी होत नाही. खरा संघर्ष येथेच निर्माण होतो.

प्रत्येक पात्रासाठी एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात. त्याला काय हवे आहे? ते आजच का हवे आहे? तो काय सोडावयास तयार आहे, आणि काय मुळीच सोडणार नाही? इतरांना ठाऊक नसलेली कोणती गोष्ट त्याला ठाऊक आहे? उदाहरणार्थ, नाल्याकाठी वाघीण आणि तिचे बछडे यांची ताजी पावले उमटली आहेत, हे केवळ वनरक्षकाला माहीत आहे. सांगितले तर बघ्यांची गर्दी होईल. न सांगितले तर तार निघणार नाही.

शेवट मात्र चिठ्ठीवर लिहू नये. गावकरी पाळीपाळीने जागल करतील, वनरक्षक पंचनामा लवकर होण्यासाठी खटपट करील, किंवा सभा भांडणात मोडेल. खेळ एकदा संपला की भूमिकांची अदलाबदल करून तो पुन्हा खेळावा. ज्याने वनरक्षक होऊन शेतकऱ्याला धारेवर धरले, त्याच्या हाती आता शेतकऱ्याची चिठ्ठी येते. मग मघाचे आपलेच प्रश्न त्याला दुसऱ्या बाजूने ऐकावे लागतात.

स्वाध्याय
१. मोहफुले वेचणाऱ्या बाईच्या मनातील पेच तुमच्या शब्दांत सांगा.
२. एखाद्या पात्राला दुष्ट ठरविल्यास खेळ का फसतो?
३. याच ग्रामसभेत गुराख्याची भूमिका घाला व त्याची चिठ्ठी लिहा.