बीगलचं पिल्लू घरी येतंय! बोईसर-पालघरमध्ये ‘पपी ट्रेनिंग’ सर्व्हिस कशी सुरू कराल?



कमी भांडवलात, घरोघरी जाऊन देता येईल अशा सर्व्हिसबद्दल आपण नेहमी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. कुत्र्याचं पिल्लू, आणि तेही बीगलचं. व्हिडिओत मी रूपरेषा सांगितली आहे. इथे तीच नीट, टप्प्याटप्प्याने आणि हिशोबासकट देतोय. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवातीलाच एक वाक्य लिहून ठेवा: आपण कुत्र्याला नाही, घराला ट्रेनिंग देतो. हे ज्याला कळलं, त्याचा धंदा टिकतो. बाकीचे ‘तीस दिवसांत कुत्रा ट्रेंड’ असे बोर्ड लावतात आणि तिसऱ्या महिन्यात फोन उचलणं बंद करतात.

## १. आधी गिऱ्हाईक ओळखा

तारापूर एमआयडीसीतले कारखाने, अणुऊर्जा केंद्र आणि त्याची वसाहत यांच्यामुळे बोईसर पट्ट्यात शिफ्टमध्ये काम करणारी घरं खूप आहेत. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात नाईट. पालघर १ ऑगस्ट २०१४ला जिल्हा झाला, त्यामुळे तिथे सरकारी नोकरीवाले आले. २०१३पासून डहाणूपर्यंत लोकल धावते, म्हणून पहाटे मुंबईकडे निघून रात्री परतणारेही भरपूर. बहुतेक घरं फ्लॅटमधली. घरात लहान मुलं, कधी आजी-आजोबा, कधी दिवसभर कुलूप.

आता या घरात मुलांच्या हट्टाने बीगल येतो. लांब कान, मोठे डोळे, आकार छोटा. फोटो बघून घेतलेला असतो. चार दिवस कौतुक होतं. मग वडील नाईट करून झोपलेत आणि पिल्लू रडतंय, शेजारी दार वाजवतायत, सोफ्याचा कोपरा गेलाय अशी परिस्थिती येते. सहा-आठ महिन्यांचं झालं की ‘कुणाला हवाय का?’ असा मेसेज ग्रुपवर पडतो.

तुमची सर्व्हिस हा मेसेज पडू नये म्हणून आहे. गिऱ्हाईक यासाठी पैसे देतं.

## २. मग ‘माल’ ओळखा

बीगल ही इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी तयार झालेली जात आहे. वासावरून माग काढायचा, कळपात धावायचं आणि लांबून शिकाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडायचं, हे त्याचं मूळ काम. यातून तीन गोष्टी निघतात. त्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगायच्या.

नाक. वास लागला की कान बंद. मोकळ्या मैदानात पट्टा सोडून ‘ये ये’ करून तो येईल या भरवशावर राहायचं नाही. सातपाटीला वलांडीवर बोंबील वाळत असताना तिथून बीगलला नेऊन बघा, कळेल! पण हेच नाक कामालाही लावता येतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावर प्रवाशांच्या सामानातली फळं, मांस हुडकायला बीगल उभे केले. म्हणजे खोड मोडायची नसते, तिला काम द्यायचं असतं.

आवाज. तो नुसता भुंकत नाही, लांब हेल काढून ओरडतो. कळपातली जात असल्याने एकटेपणा त्याला सोसत नाही.

भूक. खाण्यासाठी तो काहीही शिकेल, पण लठ्ठही पटकन होईल. मोठ्या बीगलचं वजन साधारण ९ ते ११ किलो असावं. आयुष्य साधारण १२ ते १५ वर्षं. हा आकडा गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवा. आज पाचवीत असलेला मुलगा नोकरीला लागेपर्यंत हा कुत्रा घरात असणार आहे.

## ३. पहिली भेट पिल्लू येण्याआधी

बहुतेक जण पिल्लू आल्यावर फोन करतात. तुम्ही जाहिरातच अशी करा: ‘पिल्लू आणण्याआधी आम्हाला बोलवा.’ या भेटीत पाच कामं.

1. कागद बघा. २०१७च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ‘दीड महिन्याचं आहे, लगेच घेऊन जा’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, असं स्पष्ट सांगा. आईसोबतचे हे दिवस फुकट गेले की चावण्याची सवय सोडवताना तुमचाच घाम निघतो.

2. शिफ्टचा तक्ता भरा. घरातल्या प्रत्येकाची ड्युटी, शाळा, क्लास लिहून घ्या. दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त तीनेक तास शू धरू शकतं. तक्त्यात सलग सहा तास कुणीच नसेल तर त्या जागेवर लाल गोल करा आणि विचारा, ‘इथे कोण?’

3. घर पिल्लाच्या उंचीवरून बघा. खाली वाकून. लोंबणाऱ्या वायरी, उघडा कचऱ्याचा डबा, चपला, गॅलरीच्या गजांतली फट, जमिनीजवळ ठेवलेलं फिनाईल आणि उंदराचं औषध.

4. स्वयंपाकघराची यादी लावा. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे-मनुका, कांदा, लसूण बंद. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही त्यातच आले. आजीला हे प्रेमाने, पण ठामपणे सांगायचं.

5. डॉक्टर ठरवा. पिल्लू आजारी पडल्यावर शोधायचं नाही. मुंबईतलं परळचं मोठं प्राणी रुग्णालय इथून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. जवळच्या डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर हवा. लसीचा पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांत, पुढचे साधारण १६ आठवड्यांपर्यंत, रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. नेमक्या तारखा डॉक्टरच देतील.

आता सगळ्यात अवघड भाग. लाल गोलाला उत्तर नसेल, म्हणजे दोघंही शिफ्टला, दिवसभर कुलूप आणि मदतीला कुणी नाही, तर ‘सध्या बीगल घेऊ नका’ असं सांगायचं. हो, त्यात तुमचं पॅकेज जातं. पण विचार करा, हो म्हणालात तर काय होईल? पिल्लू रडेल, सोसायटीत भांडण होईल, शेवटी ते कुणाच्या तरी गळ्यात मारलं जाईल आणि तुमचं नाव त्या भांडणात येईल. बोईसर काही एवढं मोठं नाही. खरं बोलून गमावलेलं एक गिऱ्हाईक पुढे दोन गिऱ्हाइकं पाठवतं. म्हणूनच या भेटीची फी वेगळी घ्या. मग ‘नको’ म्हणायला जीभ अडखळत नाही.

## ४. आठ आठवड्यांचं वेळापत्रक

आठवड्याला एक भेट, ४५ मिनिटं. भेटीत तुम्ही एकदा करून दाखवायचं, उरलेला वेळ घरच्यांनी करायचं.

आठवडा १: शी-शूची जागा. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच एकाच जागी न्यायचं. झालं की त्याच क्षणी खाऊ आणि शाबासकी. घरात केलं तर ओरडायचं नाही, नाक घासायचं नाही. त्याने पिल्लू लपून करायला शिकतं, एवढंच. जागा व्हिनेगर-पाण्याने पुसा, वास राहिला की ते पुन्हा तिथेच जाणार.

आठवडा २: चावणं आणि हाताळणी. चावलं की खेळ बंद, हात बाजूला, तोंडात खेळणं. रोज कान, पंजे, तोंड हळूच हाताळायचं, म्हणजे पुढे डॉक्टरांकडे झटापट होत नाही.

आठवडा ३: एकटं राहणं. बीगलसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा धडा. दाराबाहेर दहा सेकंद, मग तीस, मग दोन मिनिटं. रडायच्या आत परत यायचं. घाई केली की आठवड्याची मेहनत वाया.

आठवडा ४: हार्नेस आणि दोरी. आधी घरातच. ओढलं की आपण झाड व्हायचं, दोरी सैल झाली की चालायचं.

आठवडा ५: ‘ये’. एकच शब्द, सगळ्यांचा तोच. मराठी, हिंदी, इंग्लिश मिसळू नका. रागावण्यासाठी हा शब्द कधीच वापरायचा नाही.

आठवडा ६: ‘सोड’ आणि नाकाचा खेळ. तीन वाट्या उपड्या, एकीखाली खाऊ. दहा मिनिटं नाक चाललं की बीगल छान दमतो.

आठवडा ७: बाहेरचं जग. लसी पूर्ण होईपर्यंत भटक्या कुत्र्यांच्या जागी खाली सोडायचं नाही. पण कडेवर घेऊन पहिल्या आठवड्यापासूनच ट्रक, लोकलचा हॉर्न, कंपनीचा भोंगा, रिक्षा हे सगळं लांबून दाखवायचं. साधारण १४ आठवड्यांपर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं, मग ती खिडकी हळूहळू बंद होते. या आठवड्यात डॉक्टरांची परवानगी असेल तर जमिनीवर पहिली फेरी.

आठवडा ८: परीक्षा. पिल्लाची नाही, घरच्यांची! तुम्ही गप्प बसायचं. त्यांनी सगळं करून दाखवायचं. ज्यात अडले, ते लिहून द्यायचं.

खाऊ कोणता? रोजच्या जेवणातलाच भाग बाजूला काढा. वरचा खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांपुढे नको. मासे खाणाऱ्या घरात मीठ न लावलेल्या सुक्या बोंबलाचे नखाएवढे तुकडे डॉक्टरांना विचारून वापरा. शाकाहारी घरात उकडलेलं गाजर किंवा पनीरचा कण. गिऱ्हाइकाच्या घरात चालणारा खाऊ सुचवणं हीसुद्धा सर्व्हिस आहे.

## ५. आपल्याकडचा पावसाळा

जूनमध्ये सर्व्हिस सुरू करताय? मग हे पॅकेजमध्ये हवंच. धो-धो पावसात पिल्लू बाहेर शी करणार नाही, म्हणून गॅलरीत ट्रेची सवय पहिल्या दिवसापासून लावा. लोंबत्या कानांत ओल राहून दुखणं होतं, फिरून आल्यावर कान कोरडे करायचे. साचलेलं पाणी प्यायला द्यायचं नाही, लेप्टोची लस डॉक्टरांना विचारायची. अंगावर गोचीड आहेत का ते रोज बघायचं.

## ६. हिशोब

दर तुमच्या भागात चौकशी करून ठरवा. मी फक्त पद्धत दाखवतो.

समजा पॅकेज ₹६,०००. एकूण ९ भेटी. येऊन-जाऊन ३० किलोमीटर, पेट्रोल ₹७०. म्हणजे पेट्रोल ₹६३०, छापील तक्ते आणि खाऊ ₹३७०, खर्च ₹१,०००. उरले ₹५,०००. वेळ? भेट ४५ मिनिटं, प्रवास ४५ मिनिटं, असे साडेतेरा तास. फोनवरचे अडीच तास धरले तर १६. तासाला साधारण ₹३१२.

आता एकाच दिवशी एकाच भागातली तीन घरं घ्या. पेट्रोल आणि प्रवास तिघांत वाटला गेला. खर्च ₹५८०वर आला, वेळ साडेअकरा तासांवर. तासाला साधारण ₹४७१. दर एक पैसा वाढवला नाही, कमाई दीडपट! म्हणून वार ठरवा: मंगळवार एमआयडीसी बाजू, गुरुवार पालघर.

## ७. कागदावर काय हवं?

- काय देणार: ९ भेटी, ठरलेल्या वेळेत फोन, लेखी तक्ते.
- काय देणार नाही: औषध, इंजेक्शन, पिल्लांची विक्री आणि ‘शंभर टक्के’ची गॅरंटी.
- मारहाण नाही. कुत्र्याला मारणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय मार खाल्लेलं पिल्लू शिकत नाही, घाबरतं.
- तुमची सुरक्षा: काम सुरू करण्याआधी स्वतःसाठी रेबीजच्या प्रतिबंधक लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि लगेच दवाखाना गाठा, पिल्लू कितीही छोटं असो.
- नोंदणी: उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. पाळीव कुत्र्यांच्या नोंदणीचा नियम तुमच्या नगर परिषदेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा आणि गिऱ्हाइकाला सांगा.

काम येत नसेल तर आधी शिका. ओळखीच्या दोन घरांत फी न घेता आठ आठवडे पूर्ण करा, रोजची वही ठेवा. ही वहीच तुमचं भांडवल.

## या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या ओळखीतली कुत्रा पाळणारी पाच घरं गाठा. विकायला जाऊ नका, फक्त एक प्रश्न विचारा: ‘पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?’ उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा. तीन घरांनी एकच त्रास सांगितला, तर तुमच्या जाहिरातीची पहिली ओळ तयार झाली.

चला, कामाला लागा. पुढच्या भागात भेटू!