पात्रांचा निर्णय आणि दारिद्र्य

परीक्षेत स्वभावचित्रणाचा प्रश्न आला की उत्तरे बहुधा ठरावीक असतात : अमुक पात्र भोळे, तमुक लोभी, तिसऱ्याचे नशीबच खोटे. स्वभाव आणि नशीब या दोन शब्दांत सारे आटोपते. आमच्या मते यात एक महत्त्वाची गोष्ट निसटते. निर्णयाच्या घडीला त्या पात्रापुढे किती वाटा मोकळ्या होत्या, हे आपण मोजत नाही. दारिद्र्य माणसाच्या वाटा बंद करते. आणि कोणत्या वाटा आधी बंद होतात, हे त्याच्या वर्गावर ठरते.

प्रेमचंदांच्या ‘गोदान’ (१९३६) या हिंदी कादंबरीतील होरी हा अवधमधला लहान शेतकरी. दाराशी एक गाय असावी, एवढीच त्याची आस. उधारीवर आणलेली गाय सख्खा भाऊ मत्सराने विष घालून मारतो. पुढे मुलाशी संबंध आलेल्या परजातीच्या विधवा झुनियाला होरी घरात आश्रय देतो, म्हणून पंच १०० रुपये रोख आणि ३० मण धान्य असा दंड ठोठावतात. पत्नी धनिया कडाडून विरोध करते. तरीही होरी आपले धान्य स्वतः वाहून पंचांकडे पोचवतो आणि रोख रकमेसाठी घर गहाण टाकतो. वरवर पाहता हा मूर्खपणा वाटतो. परंतु होरीजवळ अजून थोडी जमीन आहे, बिरादरीत थोडी पत आहे. वाळीत पडलेल्या शेतकऱ्याला गावात आधार कोणाचा? जमीन वाचवण्यासाठीच तो पुढे २०० रुपये घेऊन धाकटी मुलगी वयस्क माणसाला देतो. अखेरीस रस्त्याच्या खडीसाठी खणताना ऊन लागून मरतो, तेव्हा घरात सुतळी विकून आलेले २० आणे असतात.

अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमा याहून खालच्या पायरीवर उभा आहे. तो वारणेच्या खोऱ्यातला धिप्पाड गडी. गावी काम नाही म्हणून बायको-मुलीसह मुंबईस येतो. उपनगरातील खाणीत दगड फोडण्याचे काम लागते, पण थोड्याच महिन्यांत खाण बंद पडते. त्याच सुमारास स्मशानातील राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते आणि वाट ठरते. आधी तो राख चाळतो, मग पुरलेली प्रेते उकरतो. होरीला लोकलाजेने बांधले होते. भीमाजवळ दोन हातांखेरीज काहीच नाही, म्हणून लोकलाजेचा धाकही त्याला उरत नाही. भुताची भीती भुकेपुढे टिकत नाही. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि शेवटी दोन बोटे कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. ही बातमी एक दिवस आधी आली असती तर? ‘भीमा लोभी होता’ असे लिहिणाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर अवश्य द्यावे.

वाट मोकळी झाली तर माणूस बदलतो काय? व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’ (१८६२) या फ्रेंच कादंबरीत याचे उत्तर आहे. बहिणीच्या सात मुलांसाठी पाव चोरणारा जाँ व्हालजाँ, पळून जाण्याच्या प्रयत्नांची शिक्षा धरून, १९ वर्षे कैद भोगतो. सुटल्यावरही कैदीपणाचा परवाना दाखवताच त्याला कोणी थारा देत नाही, आणि ज्या बिशपने आसरा दिला त्याचीच चांदी तो चोरतो. बिशप ती चांदी त्याला देऊन टाकतो. पुढे हाच चोर कारखानदार होतो, नगराध्यक्ष होतो, इतरांना काम देतो.

याचा अर्थ गरिबाचा प्रत्येक निर्णय क्षम्य ठरतो, असे नव्हे. होरी आणि धनिया एकाच घरात, एकाच कर्जाखाली आहेत. तरी एक पंचांपुढे वाकतो, दुसरी त्यांना तोंडावर सुनावते. अरुंद वाटेवरही उभे कसे राहायचे, हे काही अंशी माणसाच्या हाती असते.

म्हणून कोणतीही कथा वाचताना आपण तीन प्रश्न वहीत लिहून ठेवावेत. या पात्रापुढे प्रत्यक्षात किती मार्ग होते? बाकीचे मार्ग कोणी बंद केले? आणि उरलेल्यांतून त्याने हाच का निवडला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत तिसऱ्यावर निकाल देऊ नये. हीच सवय पुस्तकाबाहेरच्या माणसांबाबतही लागली, तर साहित्याचा आपला अभ्यास सार्थकी लागला, असे आम्ही म्हणू.