भाडे भरावे की हप्ता? घर घेण्याआधी करायचा हिशेब

नोकरी लागून चार-पाच वर्षे झाली, लग्न झाले, की घरातून आणि नातेवाइकांकडून एकच सल्ला मिळतो : "किती दिवस भाडे भरणार? तेवढ्याच पैशांत हप्ता जाईल आणि घर आपले होईल." सल्ला आपुलकीचा असतो, पण त्यातले "तेवढ्याच पैशांत" हे शब्द तपासून पाहिले पाहिजेत. या धड्यात आपण ते एका उदाहरणावरून तपासू.

समजा, शहरात नोकरी करणारे एक तरुण जोडपे आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना ५५,००० रुपये आहे आणि बचत ५ लाख रुपये आहे. ज्या घरात ते १०,००० रुपये भाड्याने राहतात, तसेच घर विकत घ्यायचे तर ४० लाख रुपये पडतात.

पहिला हिशेब : सुरुवातीला किती रक्कम हवी?

बँक घराची पूर्ण किंमत कर्जाऊ देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्के आणि त्याहून मोठे कर्ज ७५ टक्क्यांपर्यंतच देता येते. म्हणजे ४० लाखांच्या घरासाठी ३२ लाख कर्ज मिळेल आणि ८ लाख रुपये स्वतःचे घालावे लागतील.

याशिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च असतो. त्याचे दर प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. तो ७ टक्के धरला तर २ लाख ८० हजार होतात. म्हणजे घराची किल्ली हातात येण्याआधीच १० लाख ८० हजार रुपये लागतील. या जोडप्याकडे त्याच्या निम्मेही नाहीत. दिल्ली, महाराष्ट्र यांसारख्या काही राज्यांत घर महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, ती जरूर विचारून घ्यावी.

दुसरा हिशेब : दरमहा किती जाणार?

३२ लाखांचे कर्ज, ८.५ टक्के व्याज, मुदत २० वर्षे. हप्ता होतो सुमारे २७,७७० रुपये. पगाराच्या निम्म्याहून जास्त! सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांच्या आत असावेत, हे प्रमाण ठेवले तर घरखर्च, आजारपण आणि मुलांचे शिक्षण यांसाठी पैसे उरतात. या जोडप्यासाठी ती मर्यादा २२,००० रुपये आहे.

"भाडे म्हणजे पाण्यात गेलेले पैसे" असे म्हटले जाते. पण या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातले सुमारे २२,६७० रुपये नुसते व्याज असते. मुद्दल फक्त ५,१०० रुपये फिटते. व्याजाचे पैसेही परत येत नाहीत. म्हणून भाड्याची तुलना पूर्ण हप्त्याशी न करता व्याज, सोसायटीचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर यांच्या बेरजेशी करावी. वर्षे जातात तसे व्याज कमी होते, मुद्दल जास्त फिटते, आणि भाडे मात्र वाढत जाते. त्यामुळे स्वतःच्या घराचा फायदा त्यात बरीच वर्षे राहणाऱ्याला मिळतो. दोन-तीन वर्षांत बदली होण्याची शक्यता असेल, तर भरलेले मुद्रांक शुल्क आणि सुरुवातीचे व्याज अंगावर पडते.

तिसरा हिशेब : व्याजदर वाढला तर?

बहुतेक गृहकर्जांचा दर बदलता असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि त्याला जोडलेली गृहकर्जेही महागली. आपल्या उदाहरणात कर्ज घेतल्यावर लगेच दर ८.५ वरून ११ टक्के झाला, तर हप्ता सुमारे ३३,००० रुपये होईल. जुना हप्ता तर महिन्याच्या व्याजालाही पुरणार नाही, कारण व्याजच २९,३०० रुपयांच्या वर जाईल. म्हणून कर्ज घेताना आजचा हप्ता पाहावा आणि दर दोन-अडीच टक्के वाढल्यास येणारा हप्ताही पाहावा. दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम आधी फेडायची, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये बँकांना सांगितले आहे. तो पर्याय मागून घ्यावा.

मग या जोडप्याने काय करावे?

४० लाखांचे घर त्यांना आज परवडत नाही. पण थोडे लहान किंवा थोडे लांबचे, ३० लाखांचे घर त्यांच्या आवाक्यात येऊ शकते. त्यासाठी तीन वर्षांची तयारी हवी. ५ लाखांची बचत मुदत ठेवीत आणि दरमहा १२,००० रुपये आवर्ती ठेवीत ठेवले, तर ६.५ टक्के व्याजाने तीन वर्षांत कर वजा न करता सुमारे १० लाख ८० हजार रुपये जमतील.

तोपर्यंत घरही महागेल. वर्षाला ५ टक्के वाढ धरली तर ३० लाखांचे घर ३४ लाख ७० हजारांना पडेल. त्यासाठी २८ लाख कर्ज घेतले, तर स्वतःचे ६ लाख ७० हजार आणि मुद्रांक व नोंदणीचे सुमारे २ लाख ४० हजार लागतील. अडीअडचणीसाठी पावणेदोन लाखांच्या आसपास हातात राहतील. हप्ता २४,३०० रुपये येईल. तेव्हा पगार ६१,००० रुपयांपर्यंत गेलेला असेल, तर हा हप्ता ४० टक्क्यांच्या आत बसेल. पगार तेवढा वाढला नाही, तर आणखी थांबावे किंवा आणखी स्वस्त घर पाहावे.

थांबण्याचा फायदा दरमहा बचत करणाऱ्यालाच होतो. भाडे कमी म्हणून उरलेले पैसे खर्च होऊन गेले, तर तीन वर्षांनी घर आणखी दूर गेलेले असेल.

लक्षात ठेवा

• सुरुवातीची रक्कम उभी करण्यासाठी वैयक्तिक कर्ज घेऊ नका. त्याचा हप्ता गृहकर्जाच्या हप्त्यावर चढतो.
• किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवूनच घर घ्या.
• बांधकाम चालू असलेल्या घरात ताबा मिळेपर्यंत भाडे आणि कर्ज दोन्ही भरावे लागू शकते.
• प्रकल्पाची रेरा नोंदणी तपासा. रेरा कायद्यानुसार विक्री करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.
• बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास बँक दंड आकारू शकत नाही. बोनस मिळाला की थोडे मुद्दल फेडा.

स्वतः करून पाहा

८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी दर एक लाख कर्जाला सुमारे ८६८ रुपये हप्ता येतो. आपल्या घरी हातात येणाऱ्या पगाराचे ४० टक्के काढा. चालू हप्ते असतील तर ते त्यातून वजा करा. उरलेल्या रकमेला ८६८ ने भागा. जो आकडा येईल, तितके लाख कर्ज आपल्याला पेलवेल. घर पाहायला जाण्याआधी हा आकडा कागदावर लिहून ठेवा.