कर्णबधिर मुलाला फिटर होता येईल?

प्रश्न : माझा मुलगा जन्मापासून कर्णबधिर आहे. यंदा दहावी पास झाला. पाना-पक्कड हातात आली की जेवणखाण विसरतो. त्याला आयटीआयला फिटर ट्रेड घ्यायचा आहे. घरचे म्हणतात, ‘मशीनचा आवाज ऐकू येत नाही, हात गमावून बसेल. त्यापेक्षा कॉम्प्युटर शिकव.’ काय करू?
— एक आई, सोलापूर

उत्तर : प्रवेशासाठी जरूर अर्ज करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या कलम १९ नुसार व्यवसाय प्रशिक्षणाच्या सर्वसाधारण योजनांत दिव्यांगांना सामावून घेणं आणि शिकताना लागणारा आधार देणं ही शासनाची जबाबदारी आहे. वाजवी सोय नाकारणं हाही या कायद्यात भेदभावच ठरतो.

आता हाताच्या काळजीबद्दल. फिटरच्या सुरुवातीच्या कामात मार्किंग, हॅकसॉने कापणं, कानस मारणं, व्हर्निअरने मापं घेणं आणि ड्रॉइंग वाचणं यांचा भर असतो. ही सगळी डोळ्यांची आणि बोटांची कामं. धोका वाढतो तो ड्रिल, ग्राइंडर, लेथवर. तिथे कुणी ‘थांब!’ म्हणून ओरडलं तर तुमच्या मुलाला कळणार नाही. म्हणून घंटेच्या जोडीला चमकणारा दिवा हवा, मशीनवर उभं राहताना येण्याजाण्याच्या वाटेकडे त्याची पाठ नको आणि इशारा द्यायला एक ठरलेला जोडीदार हवा. मशीन चालू असताना मागून खांद्यावर हात ठेवायचा नाही, समोर येऊनच खूण करायची, हे सगळ्या बॅचला पहिल्या दिवशीच सांगायला हवं. दचकला, तर तोच अपघात.

खरी अडचण येते थिअरीच्या तासाला. निदेशक फळ्याकडे तोंड करून बोलतात, मुलाला ओठ दिसत नाहीत आणि तास वाया जातो. यावरचे बरेचसे उपाय बिनखर्चाचे आहेत : पुढच्या बाकावर जागा, वर्गाकडे तोंड करून बोलणं, नवा शब्द फळ्यावर लिहिणं, जॉबच्या पायऱ्या कागदावर देणं. सांकेतिक भाषेचा दुभाषाही मागा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशाच्या २०२१ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत आणि त्यात तांत्रिक शब्दही आहेत. एखाद्या हत्यारासाठी खूण सापडली नाही, तर निदेशक आणि मुलांनी मिळून ठरवावी.

अर्जाआधी दोन गोष्टी पाहा. दिव्यांगांच्या राखीव जागांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, त्यामुळे दिव्यांगत्वाची टक्केवारी दाखवणारं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) तयार ठेवा. प्रत्येक ट्रेडच्या अभ्यासक्रमात तो कोणत्या दिव्यांगत्वासाठी खुला आहे, हे छापलेलं असतं; फिटरची ती ओळ स्वतः वाचून घ्या.

कॉम्प्युटरचा ट्रेड वाईट नाही. पण तो मुलाच्या आवडीने घ्यावा, नातेवाइकांच्या धास्तीने नाही. प्रवेशफेऱ्या सुरू होण्याआधी आयटीआयमध्ये जाऊन निदेशकांना भेटा, वर्कशॉप पाहा. मुलाला सोबत न्या आणि त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या, हातवाऱ्यांनी किंवा कागदावर लिहून.